पेंड न लावणारं गाव

पार्लरमध्ये पहिल्यांदा आलेल्या मुलीला मी लगेच खुर्चीत बसवत नसे. आधी घरी जा आणि तुझ्या उशीचा अभ्रा घेऊन ये, असं सांगायचे. मुली गोंधळायच्या. बरोबर आलेल्या आया तर माझ्याकडे अशा बघायच्या, की ही बाई केस बघते की धुणं धुते? पण माणूस आपल्या डोक्याविषयी खोटं बोलतो आणि अभ्रा बोलत नाही. मी तर तेलाला हातही लावत नाही आपा, असं छातीठोक सांगणाऱ्या मुलीच्या अभ्र्यावर मधोमध भज्यांच्या कागदासारखा डाग असायचा. नुसता पिवळट डाग असेल तर ते डोक्याचं स्वतःचं तेल. वास येत असेल तर आईच्या हातचं. माझी नणंद घुग्घुसला राहते, तिच्या मुलीने एकदा आणलेला अभ्रा चक्क काळा होता. कोळशाच्या खाणीची धूळ आणि खोबरेल मिळून त्यावर काजळ झालं होतं, नुसतं डोळ्यांत घालायचं बाकी होतं.

माझे वडील ब्रह्मपुरीच्या बाजारात हजामतीचं दुकान चालवायचे. दुकान भावांकडे गेलं, हात मात्र माझ्याकडे आला. लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत मोठा आरसा लावून मी बायकांचं पार्लर सुरू केलं, तेव्हा गल्लीत बोललं गेलंच, की हजामाची पोरगी शेवटी हजामच. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान शेजारच्याच ओट्यावर होतं. ते म्हणायचे, मी चाकं सरळ करतो, तू डोकी कर. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. आता माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे आणि खुर्ची सुनेच्या ताब्यात आहे. लोकांना वाटतं, पार्लरवालीने जन्मभर नवऱ्या सजवल्या असतील. नवऱ्या हंगामात यायच्या. बारा महिने यायच्या त्या अकरावीतल्या मुली, आणि त्यांचं दुखणं एकच, तेलकट केस.

अकरावीच का, तेही सांगते. दहावीपर्यंत शाळेचा कायदा असायचा. केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि ज्या दिवशी केस कोरडे दिसतील त्या दिवशी बाई वर्गाबाहेर उभं करणार. त्यामुळे सगळ्याच मुलींची डोकी चिप्प असायची आणि कोणाचं कोणाला काही वाटायचं नाही. कॉलेजात गेलं की रिबिनी सुटायच्या, आणि मग मुलींच्या लक्षात यायचं की आपल्याला केस आहेत. नेमक्या त्याच वयात टाळूखालच्या तेलाच्या बारीक पिशव्या जोमाने कामाला लागतात. सकाळी धुतलेलं डोकं संध्याकाळी चिकट. ते तेल कपाळावर उतरतं, कपाळावर पुटकुळ्या येतात, पुटकुळ्या लपवायला मुली बटा पुढे काढतात, आणि त्या बटांचं तेल पुन्हा कपाळावर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. वयात येणं म्हणजे काय हे आमच्याकडे घरात कोणी सांगत नसे, ते असं डोक्यावर येऊन बसायचं.

मुलींनी केलेले उपाय ऐकाल तर हसाल. एकीने बेसन कालवून केसांना थापलं आणि अभ्यास करत उन्हात बसली. ते वाळून असं घट्ट झालं, की तिची आई तिला पदराखाली झाकून माझ्याकडे घेऊन आली. दिवसभर कोमट पाण्याने मी ते सोडवत होते. एका राईसमिलवाल्यांच्या मुलाने तर धुण्याच्या पावडरने डोकं धुतलं होतं. पुरुषांना माझ्याकडे मज्जाव, म्हणून त्याने बहिणीला पाठवलं. ती निरोप सांगायची, मी उपाय सांगायचे, ती जाऊन त्याला सांगायची आणि त्याची तक्रार घेऊन परत यायची. महिनाभर मी त्या मुलाचं डोकं न बघता त्यावर इलाज केला. पुढे तो गिरणी चालवू लागला तेव्हा रस्त्यात भेटला की मान खाली घालायचा. केस मात्र छान होते हो त्याचे.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. किराणा दुकानांच्या दारांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या. एका पुडीत तीन मैत्रिणी केस धुवायच्या आणि चौथी नुसता वास घ्यायला हजर. रविवारी वसतिगृहातल्या मुली माझ्या ओट्यावर ओले केस पाठीवर सोडून ओळीने बसायच्या, आणि समोर ब्रह्मपुरी-आरमोरी जीपमध्ये माणसं कोंबणारा कंडक्टर हाका मारायचं विसरायचा. मी त्याला ओरडायचे, मुली खुदखुदायच्या. आता मुली फोनमध्ये बघून येतात आणि सुनेला शिकवतात. येऊ द्यात. पण ओट्यावर कोणी बसत नाही, आणि ते मला फार लागतं.

त्या ओट्यावर सर्वांत शेवटी, खांबाआड बसायची शालू.

शालू वैनगंगेकाठच्या एका ढिवरांच्या गावातली. गावाला मोठा तलाव, आणि तलाव मासेमारांच्या सोसायटीचा. गावातून अकरावीला आलेली ती पहिली मुलगी. वसतिगृहात राहायची. मैत्रिणी तिला माझ्याकडे घेऊन आल्या नव्हत्या. उलट तिच्यापासून सुटका करून घ्यायला आल्या होत्या. तिच्या केसांना वास येतो, तिच्या बाकावर कोणाला बसवत नाही, आपा तुम्हीच काहीतरी करा, असं तिच्यादेखत सांगून त्या निघून गेल्या. शालू खाली बघत उभी राहिली. मी अभ्रा मागितला, तर तो तिने आधीच धुऊन टाकला होता. रोज धुते म्हणाली, रात्री ओलाच उशीला चढवते, म्हणजे कोणाला डाग दिसत नाही.

मी तिच्या केसांत बोटं घातली आणि बोटं अडकली. केस दाट, लांब, पण मेणाची बत्ती वितळवून ओतावी तसे एकमेकांना चिकटलेले. कपाळभर पुटकुळ्या. तेल कोणतं लावतेस विचारलं, तर म्हणाली टोरीचं. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्या भागात बायका उन्हाळ्यात टोऱ्या वेचतात, घाण्यावरून तेल काढून आणतात. घट्ट तेल, थंडीत तर थिजून लोण्यासारखं होतं. शालू शनिवारी घरी गेली की तिची आई तिला पुढ्यात घेऊन ओंजळभर तेल जिरवायची. मग सोमवारी हिने वसतिगृहातल्या बोअरिंगच्या पाण्याने, कपड्यांच्या साबणाने ते धुवायचं. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, नुसता चुना जमतो. तेल जागच्या जागी, वरून चुन्याचा थर.

मला हसू आलं, कारण या तेलाचा उतारा त्याच बीमध्ये असतो. तेल गाळल्यावर मागे राहते ती पेंड. रानातल्या गावांत बायका ती पेंड रात्रभर भिजवतात, वस्त्रगाळ करतात आणि त्या पाण्याने केस धुतात. उत्तम फेस येतो, तेलाचा अंश राहत नाही. भामरागडकडच्या दोन मुली वसतिगृहात होत्या, त्या सुट्टीवरून येताना पळसाच्या पानात बांधून पेंड आणायच्या. त्यांचे केस सगळ्यांत सुंदर. मी शालूला म्हटलं, त्या मुलींकडून मूठभर माग, दोन धुण्यात मोकळी होशील.

ती एकदम मागे सरकली.

"पेंड नाई लावत आमी. आमच्या गावात पेंड आणत बी नाई."

मग हळूहळू तिने सांगितलं. पेंडेचं पाणी माशांना विष. ओढ्याच्या डोहात काही लोक मुद्दाम पेंड टाकतात, मासे गुंगून पालथे पडतात आणि हाताने गोळा करता येतात. ज्यांचं सगळं पोटच तलावावर, ते अशी वस्तू गावाच्या शिवेत कशी येऊ देतील? बाजारातून पेंड घेऊन येणारी दुसऱ्या गावची बाईसुद्धा त्यांच्या पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जात नाही, वळसा घालून जाते. आजोबा-पणजोबांपासूनचा नियम. नियम अगदी रास्त होता. फक्त टोरीचं तेल गावात येत होतं आणि पेंड येत नव्हती, तेव्हा बायकांनी डोकी कशाने धुवायची हे कोणी ठरवलं नव्हतं. धुण्याच्या साबणाने धुवायच्या बिचाऱ्या.

रिठे सुचवले, तर त्यालाही शालू नको म्हणाली. झाडाच्या ज्या वस्तूला फेस येतो ती नको, एवढंच तिला कळत होतं, आणि पुढे मला समजलं की तिचं बरोबर होतं, रिठ्याच्या फेसानेही मासे मरतात. मी विचारलं, मग कॉलेजात काय करणार आहेस? ती म्हणाली, "मी सोडूनच देतो म्हणते आपा. घरी कोणी माह्या डोक्याकडं पाहात तं नाई." आईला सांगितलंस का, विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. गेल्या शनिवारी तेल लावताना रडली होती, पण नेमकं काय झालं ते सांगितलं नव्हतं. आईला वाटलं असेल, पोरीला तेल झोंबलं.

मला राग आला. मुलीच्या बाकावर न बसणाऱ्या मुलींचा, चुनखडीच्या पाण्याचा, सगळ्यांचाच. म्हटलं, ही मुलगी तेलापायी कॉलेज सोडणार असेल तर मी आरसा उतरवून ठेवते.

मुलतानी माती ताकात कालवायची, केसांना नाही, मुळांना लावायची आणि वाळायच्या आत धुवायची. वाळली की ती केस ओढते, इथेच सगळ्या चुकतात. धुवायला माझ्या घरचं विहिरीचं गोडं पाणी. आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, कारण रोज घासलेली टाळू आणखी तेल सोडते. तेल लावायचंच तर टोकांना चार थेंब. कंगवा स्वतःचा. बटा कपाळावरून मागे. मधल्या शनिवारी चाचणी परीक्षा होती, नंतरच्या शनिवारी पुराने वाट बंद झाली, त्यामुळे तिचं घरी जाणं राहिलं आणि माझं काम सोपं झालं. पोळा झाल्यावर एका शनिवारी तिने माझ्या ओट्यावर केस वाळवले. खांबाआड नाही, मधोमध बसून. ज्या मुली तिला सोडून गेल्या होत्या त्यातलीच एक तिची वेणी घालत होती. शालू जीपमध्ये बसली तेव्हा मी दारात उभी राहून तिची पाठ बघत होते. आपल्या हातचं काम रस्त्यावरून जाताना बघण्याचं सुख शिंप्याला असतं आणि आम्हाला असतं.

सोमवारी शालू आली नाही. बुधवारी तिची आई आली.

मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, उन्हाने रापलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. चहा दिला तो तिने हातात धरून ठेवला आणि झालेलं सांगितलं. रविवारी सकाळी तलावाशेजारच्या खड्ड्यातले जिरे पांढरे होऊन वर आले होते. जिरे म्हणजे माशांची नुकती फुटलेली पिल्लं. सोसायटी पावसाळ्यात ती आणते, लहान खड्ड्यात सांभाळते, आणि बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात सोडते. तेच गावाचं वर्षभराचं पीक. खड्डा शालूच्या घरामागे होता, कारण या वर्षी राखण तिच्या वडिलांकडे, दशरथभाऊंकडे होती. शनिवारी रात्री पाऊस झाला, सकाळी जिरे मेले, आणि पाण्याला पेंडेचा वास होता. शनिवारी संध्याकाळीच दशरथभाऊंची पोरगी शहरातून आली होती, आणि तिचे केस असे झाले होते की गावात कोणी तसे पाहिले नव्हते.

आणखी पुरावा काय पाहिजे? पोरीने पेंडेने डोकं धुतलं. पोरी शहरात धाडल्या की विष घेऊन येतात. दशरथभाऊंनी तिला घरी बसवली होती आणि गुरुवारी पाळीवर सोसायटीची बैठक होती.

"तुमी फकस्त येऊन सांगा बाई, पोरीच्या डोक्याले का लावलं ते," ती म्हणाली. "तिचं कॉलेज गेलं तं ते जगन नाई."

माझे यजमान दुकानातून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "तुम वकील हो क्या? पराये गाव के झगड़े में काहे को पड़ना?" मी म्हटलं, वकील नाही, पण ते डोकं माझ्या हातचं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सायकलवर जीपपर्यंत सोडलं.

पाळीवर सगळं गाव होतं. पुरुष पुढे, बायका मागे चिंचेखाली. सोसायटीचे अध्यक्ष किसनबुवा, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. दशरथभाऊ एका बाजूला मान खाली घालून बसले होते, शालू आईला चिकटून. केसांवर तिने ओढणी घट्ट गुंडाळली होती, जणू तेच चोरीचा माल होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, की माझं पार्लर आहे, मीच या मुलीचे केस धुते, आणि माती आणि ताक सोडून त्यांना तीन आठवड्यांत काही लागलेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, पार्लरवाली तं असंच म्हणन. मातीनं का केस धुतात? माती लागली तं धुवा लागते. लोक हसले.

मला हे होणार हे माहीत होतं, म्हणून पिशवी सोबत नेली होती. मी किसनबुवांना म्हटलं, बुवा, एका घमेल्यात जिवंत जिरे द्या. मी तुमच्यासमोर हिचं डोकं धुते आणि ते पाणी त्यात ओतते. पोरीने माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर मलाच वाटलं, हात दाखवून अवलक्षण तर करून घेत नाही ना मी?

शेजारच्या गावाच्या खड्ड्यातून गुंडीभर जिरे आणवले गेले. तोवर मी माती कालवली, पाळीवरच्या दगडावर शालूला बसवलं, ओढणी सोडली. बायका पुढे सरकल्या. मी नेहमीसारखीच माती लावली आणि नेहमीसारखं धुतलं, पाणी खाली बादलीत धरलं. ते गढूळ पाणी किसनबुवांनी स्वतः घमेल्यात ओतलं. जिरे दिसेनासे झाले.

किसनबुवांनी विडी पेटवली. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींसाठी दुआ मागितली आहे, माशांसाठी तेवढी एकदाच. मातीची पुडी नव्या दुकानातून आणली होती, त्यात भेसळ असली तर? ताक आंबट होतं, तेच बाधलं तर? माझं पार्लर एका घमेल्यात बुडालं असतं, त्याचं एवढं नाही, पण समोर ओल्या केसांनी बसलेली मुलगी मात्र उद्यापासून जाळी विणत बसली असती. एक विडी संपली, दुसरी पेटली. गाळ खाली बसू लागला. वर बारीक बारीक तोंडं दिसली, आणि मेलेच म्हणून कोणीतरी चुकचुकलं. किसनबुवा वाकले आणि त्यांनी पाण्यात बोट घातलं. जिरे सटकन पळाले, सगळे एका बाजूला, मग दुसऱ्या.

"जित्ते आहेत," किसनबुवा म्हणाले. "पोरगी सुटली यातून."

शालू तिथेच रडायला लागली. दशरथभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं काम झालं, पिशवी आवरावी. पण विष तर खड्ड्यात पडलं होतं, ते कोणीतरी टाकलं असणारच. पुरुषांत कुजबुज सुरू झाली आणि एकेक नजर मागे वळली. चिंचेखाली सगुणा नावाची एक विधवा उभी होती. तिचं माहेर रानातलं, तिथल्या बायका पेंडेने केस धुतात हे सगळ्यांना ठाऊक. कोणी नाव घेतलं नाही, पण तिच्या आसपासच्या बायका जराजरा सरकल्या आणि ती एकटी उरली.

तेव्हा शालूची आई पुढे आली.

"सगुणाबाईनं नाई," ती म्हणाली. "मी आणली पेंड."

दशरथभाऊ उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला. गावात चार-पाच दिवस सगळे तिच्या मुलीच्या केसांकडे बघत होते, आणि तिच्या पदराखाली काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं, मीही नाही. करडे केस, धुतलेले, भुरभुरीत, तेलाचा टिपूस नाही.

किसनबुवांनी एवढंच विचारलं, "काऊन?"

ती थांबत थांबत बोलली. पोरगी तेल लावताना रडली होती. आई होती ती, सांगितलं नाही म्हणून कळत नाही असं थोडंच असतं? पोरीला बाकीच्या पोरी हसत असतील, हे तिने ओळखलं. बाजारात एका बाईने सांगितलं, पेंडेने साफ निघते. नियम तिला माहीत होता. म्हणून ती तलावावर गेली नाही, नदीवर गेली नाही, तिथे बायकांना वास आला असता. घरामागे, शनिवारी दुपारी, खड्ड्यापासून लांब वरच्या अंगाला बसली आणि फेसाचं पाणी तिकडेच जमिनीत मुरवलं. रात्री पाऊस येईल आणि उतार ते पाणी खाली नेईल, हे डोक्यात आलं नाही. आणि संध्याकाळी पोरगी आली ती आधीच केस स्वच्छ करून.

"मंग पोरीवर आळ आला तवा काऊन नाई बोलली?" कोणीतरी विचारलं.

"आमचं राखणीचं घर. आमच्याच हातून झालं म्हणून शालूच्या बापाले सांगाले तोंड नवतं." ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "वाटलं, बाई येऊन सांगतीन तं पोरगी सुटन, अन् बाकी पावसावर जाईन."

पुढचं बराच वेळ चाललं. या वर्षीची राखण दशरथभाऊंकडून गेली. ते त्यांनीच आधी बोलून टाकलं. बायकांतून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, की लग्न करून आली तवापासून आपलं बोट केसांतून गेलेलं नाही, तर आता त्या मातीचं पण ठरवा. पुरुषांना काय ठरवावं कळेना. मी सांगितलं, विकतची माती कशाला, तुमच्या तलावाची चिकण माती चाळून घ्या, ती चालेल. किसनबुवांनी मान हलवली. गाव पांगलं. शालूने उद्याच्या पहिल्या जीपने कॉलेजात जायचं, हे दशरथभाऊ तिला सांगत होते, पण तोंड दुसरीकडे करून.

मी जीपची वाट बघत पाळीच्या टोकाला उभी होते. शालूची आई मागून आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती इकडेतिकडे बघून माझ्यासमोर खाली बसली आणि तिने पदर पुन्हा मागे घेतला.

"जरा पाहून सांगा बाई. केस झडून तं नाई राह्यले ना?"

मी केस बाजूला केले. रानातल्या बायका पेंड भिजवून, गाळून तिचं पाणी वापरतात. हिच्या गावात ते कोणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं. हिने कोरडी पेंड कुटून जशीच्या तशी थापली होती आणि वाळेपर्यंत ठेवली होती. टाळू लालभडक झाली होती, दोन ठिकाणी सोलली होती. चार-पाच दिवस ही बाई तशा डोक्यावर पदर घट्ट ओढून फिरत होती. मी विचारलं, एवढं झोंबत असताना लगेच धुऊन का नाही टाकलंत? ती म्हणाली, पोरीच्या डोक्याले लावायच्या आधी पाहाच लागत होतं ना, किती झोंबते ते.

वडिलांकडून शिकलेला हात, एवढ्या वर्षांचा धंदा, काही उपयोगी पडलं नाही. मी खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, टाळू भाजली आहे. शालूच्या कपाळावर आधीच पुटकुळ्या होत्या, तिला लावली असती तर तिचे केस नक्की गेले असते.

तिने पदर डोक्यावरून घेतला, नीट कपाळापर्यंत, आणि पहिल्यांदाच जरा हसली.

"मंग बरं झालं," ती म्हणाली, "माह्याच डोक्याले लावली ते."